आजीचे नाव कुणाच्या कार्डात?



आडसाली उसाची लागण उरकली की आपण पहिले काम कोणते करतो? कारखान्याच्या गट ऑफिसात जाऊन नोंद करतो. गट नंबर बरोबर पडला का, क्षेत्र किती लावले, लागणीची तारीख तीच लिहिली का, जात कोणती मांडली, हे सारे दोनदा पाहतो. नोंदीत फरक पडला तर तोड लांबते, उसाला तुरा येतो, वजन घटते, हे आपल्याला पक्के ठाऊक असते. सोमेश्वर असो, माळेगाव असो, छत्रपती असो की कर्मयोगी, नोंदीच्या कामात आपला शेतकरी सहसा चुकत नाही.

आता त्याच घरात जाऊन विचारा, की आजीचे नाव कोणत्या शिधापत्रिकेत आहे? थोरला म्हणतो, "धाकट्याच्या कार्डात असंल." धाकटा म्हणतो, "छे, ती जुन्या कार्डात होती." आणि जुने कार्ड? ते वाटणीच्या वेळी तहसीलला जमा झाले. म्हणजे अडुसष्ट वर्षांची बाई, जिने दोघांना वाढवले, ती आज सरकारच्या लेखी कुणाच्याच घरात नाही. एरवी हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. ध्यानात येते ते रात्री दोनला, दवाखान्याच्या दारात.

या आठवड्यात त्याच गोष्टीवर बोलू. सरकारी खर्चाने उपचार मिळायला वडीलधारी माणसे पात्र कशी ठरतात, ती पात्रता कोण तपासतो, आणि घरच्यांनी ती आधी कशी तपासावी.

नदीच्या अल्याड, नदीच्या पल्याड

पात्रतेचा हा हिशेब आपल्या भागाने चांगलाच भोगलेला आहे. १९९७ साली राज्यात जीवनदायी योजना आली. ती दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी आणि ठरावीक मोठ्या आजारांसाठी होती. पुढे राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली. तिचा आरंभ २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत झाला. त्या आठांत सोलापूर होते, पुणे नव्हते.

नीरा नरसिंहपूरला संगमावर उभे राहा. समोरचा काठ सोलापूर जिल्ह्याचा. तिकडच्या केशरी कार्डवाल्या म्हाताऱ्याचे हृदयाचे ऑपरेशन योजनेतून होत होते, आणि अलीकडे इंदापूर तालुक्यात तसलेच कार्ड असलेल्या म्हाताऱ्याला ते मिळत नव्हते. दोघांची भाकरी सारखी, दोघांचे दुखणे सारखे, मध्ये फक्त पाणी. २१ नोव्हेंबर २०१३ रोजी योजना सगळ्या राज्यात लागू झाली. तोवर सोळा महिने उलटून गेले होते. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले.

मग आड आला कार्डाचा रंग. १९९९ पासून आपल्याकडे तिरंगी शिधापत्रिका आहेत. पिवळी गरिबाची, केशरी एक लाखाच्या आत उत्पन्न असणाऱ्याची, आणि त्यावरची शुभ्र. चार हेक्टरपेक्षा जास्त बागायत किंवा घरी चारचाकी असली तरी कार्ड शुभ्र होते. योजना पिवळ्या-केशरी कार्डांना होती. शुभ्र कार्डवाल्या शेतकऱ्यांनाही ती पुढे दिली गेली, पण चौदा जिल्ह्यांत. मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा. त्या जिल्ह्यांतल्या आत्महत्यांचे दुःख मोठे होते, त्यांना आधी मिळाले याची तक्रार कुणी करू नये. पण सुप्याकडच्या, लोणी भापकरकडच्या जिरायत पट्ट्यातला शुभ्र कार्डवाला शेतकरी मात्र बाहेरच राहिला, कारण त्याचा जिल्हा पुणे. जिल्हा श्रीमंत म्हणून विहिरीला पाणी लागत नाही, हे यादी करणाऱ्याला कोण सांगणार?

केंद्राची आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. तिची यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीवरून काढलेली. त्या पाहणीत घरी मोटारसायकल आहे का, फ्रीज आहे का, ट्रॅक्टर आहे का, पन्नास हजारांवर मर्यादेचे किसान क्रेडिट कार्ड आहे का, मोटार-पंपासह अडीच एकर बागायत आहे का, असे प्रश्न होते. यांपैकी एक जरी गोष्ट असली तरी कुटुंब यादीबाहेर. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ज्याची अडीच-तीन एकर जमीन भिजते, त्याचे नाव या चाळणीतून कसे राहावे? मोटारसायकल नातवाची, कर्ज मुलाच्या नावावर, आणि पात्रतेतून वजा झाला तो म्हातारा, ज्याच्या खिशात तंबाखूच्या पुडीपुरते पैसे.

आता दोन दारे उघडी आहेत

ही जुनी चाळण आता बरीच मोकळी झाली आहे, ही गोष्ट प्रत्येक घरात पोहोचली पाहिजे.

पहिले दार शिधापत्रिकेचे. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने फुले योजना आणि आयुष्मान भारत यांची सांगड घालून ती राज्यातल्या सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली झाली, आणि १ जुलै २०२४ पासून प्रत्यक्ष लागू झाली. पिवळे, केशरी, शुभ्र, कोणतेही कार्ड चालते. पूर्वी फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत उपचार मिळत, आता पाच लाखांपर्यंत मिळतात. हे पाच लाख माणशी नव्हेत, कार्डावरच्या सगळ्या कुटुंबाला मिळून आहेत. या दाराला वयाची अट नाही. अट एकच. आजारी माणसाचे नाव त्या कार्डात असले पाहिजे आणि ते आधारशी जुळले पाहिजे.

दुसरे दार वयाचे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या कोणाही माणसाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. त्याला शिधापत्रिका लागत नाही, उत्पन्नाचा दाखला लागत नाही, जमिनीचा उतारा लागत नाही. आधार कार्ड लागते, आणि वय आधारवरचेच धरतात. ज्या कुटुंबाला आयुष्मान भारतचा लाभ आधीपासून आहे, त्या घरच्या सत्तरीपुढच्या माणसांसाठी आणखी पाच लाखांची वेगळी सोय असते, आणि ती घरातल्या तरुणांनी वापरायची नसते. आजोबा-आजी दोघेही सत्तरीच्या पुढे असतील तर ती रक्कम दोघांत मिळून आहे.

आपल्या भागात फौजेतून निवृत्त झालेले पुष्कळ आहेत. ज्यांना माजी सैनिकांची किंवा केंद्र सरकारच्या पेन्शनरांची आरोग्य योजना लागू आहे, त्यांनी दोन्हींपैकी एक निवडायची आहे. घाईने अंगठा देऊ नका, आधी कोणती सोयीची ते पाहा. वालचंदनगरच्या किंवा बारामतीच्या कारखानदारीतून निवृत्त झालेल्या आणि कामगार विमा असलेल्या माणसाला मात्र वय वंदना कार्ड बरोबर घेता येते. खासगी विमा असला तरी हरकत नाही.

आता या दोन दारांच्या मधली माणसे पाहा. साठ ते सत्तर या वयाची. शहरात यांना निवृत्त म्हणतात. आपल्याकडे या वयाची बाई खुरपायला जाते आणि बाप्या रात्रीच्या पाळीला दारे धरायला जातो. त्यांना वयाचे दार अजून उघडलेले नाही. त्यांच्यासाठी शिधापत्रिका हाच आधार. म्हणून कार्डातले नाव सर्वांत जास्त जपायचे ते यांचे.

वाटणीत जे विसरते

वाटणी करताना आपण काय काय वाटतो? रान वाटतो, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या वाटतो, बांधावरचे आंब्याचे झाड वाटतो, कारखान्याच्या शेअरची बोलणी करतो. पंचांपुढे भांडी मोजतो. आणि आई-बापांचेही ठरवतो, सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. पण त्यांचे नाव कोणत्या कार्डात जाणार, हे पंचांपैकी कुणी विचारत नाही.

मग काय होते? थोरल्याने विभक्त शिधापत्रिकेसाठी अर्ज केला, आपली, बायकोची, पोरांची नावे जुन्या कार्डातून कमी केली. वर्षाने धाकट्याने तेच केले. जुन्या कार्डात राहिले म्हातारे दोघे. ते कार्ड फाटके, त्यावर बारा अंकी नंबर नाही, धान्य कित्येक वर्षे उचलले नाही. अशा कार्डाला कार्ड म्हणायचे का? दुसऱ्या घरात आई थोरल्याच्या कार्डात आणि बाप धाकट्याच्या. तिसऱ्या घरात नाव आहे, पण ते भावकीतल्या चुलत्याच्या कार्डात, आणि चुलत्याशी बांधावरून बोलणे बंद. आजार आला की त्याच्याकडे कार्ड मागायला जायचे कोणत्या तोंडाने?

यात मुद्दाम वाईट कोणी करत नाही. ज्याचे धान्य येत नाही, ज्याची शिष्यवृत्ती येत नाही, त्याचे नाव विसरते एवढेच. पण विसरण्याची किंमत म्हातारे माणूस मोजते. मुलगा घाबरून सावकाराकडे किंवा पतसंस्थेत धावतो, नाहीतर कानातले मोडतो. जे उपचार फुकट व्हायचे, त्यापायी एक हंगाम जातो. आणि ज्याच्याकडे मोडायला काही नाही, तो आईला परत घरी घेऊन येतो.

म्हणून सांगणे असे, की शिधापत्रिका विभक्त करायची असेल तर आधी आई-बापांची नावे एका चालू कार्डात घाला, मग आपली काढा. ती कोणत्या मुलाच्या कार्डात जावीत, हे पंचांपुढे ठरवा. सहा महिन्यांनी घर बदलले तरी कार्ड बदलू नका. आई धाकट्याकडे जेवत असली तरी थोरल्याच्या कार्डातले नाव चालते. फक्त गरजेच्या वेळी ते कार्ड कुरकुर न करता हातात मिळाले पाहिजे. त्याची एक झेरॉक्स दोन्ही घरांत ठेवा.

नाव एक, रूपे तीन

दुसरी अडचण आधारची. आजीला घरात सखू म्हणतात. शिधापत्रिकेत सखुबाई आहे. आधारवर शकुंतला झाले, कारण नाव सांगणाऱ्या नातवाला ते बरे वाटले. शिवाय कुठे नवऱ्याचे नाव मधे, तर कुठे बापाचे. दवाखान्यातला माणूस म्हणतो, ही बाई तीच कशावरून? त्याचेही चूक नाही, त्याला कागद जुळवूनच पुढे जायचे असते.

वयाचे तसेच. आधार काढताना अनेकांनी जन्मतारीख अंदाजाने सांगितली. कुणाचे नुसते वर्ष आहे, कुणाच्या पुढे १ जानेवारी पडली आहे. दुष्काळाच्या साली लग्न झालेली बाई, आणि आधारवर वय असे, की १९७२ साली ती सात वर्षांची ठरते. असे वय कमी लागले की सत्तरी पूर्ण होऊनही वय वंदना कार्ड मिळत नाही. जन्मतारखेची दुरुस्ती आधारमध्ये साधारणपणे एकदाच करता येते, म्हणून अंदाजाने पुन्हा अर्ज करू नका. आधी पुरावा मिळवा. जुन्या माणसांनी दुसरी-तिसरीत शाळा सोडली असली तरी गावच्या प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये त्यांचे नाव आणि जन्मतारीख बहुधा सापडते. हेडमास्तरांकडे अर्ज करून शाळा सोडल्याचा दाखला मागा. बाईचे नाव माहेरच्या शाळेत शोधावे लागेल. एक दिवस माहेरी जायला आजीलाही बरे वाटेल.

तिसरी अडचण बोटांची. आयुष्यभर विळा-खुरपे धरलेल्या, मोळ्या बांधलेल्या हातांच्या रेषा यंत्राला लागत नाहीत. पाच वेळा बोट दाबून माणूस हिरमुसतो आणि परत जातो. जाऊ नका. बोट लागत नसेल तर डोळ्यांवरून, चेहऱ्यावरून किंवा मोबाइलवर येणाऱ्या आकड्यावरून ओळख पटवता येते. तशी मागणी करा. मात्र आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू पाहिजे. पुष्कळ आजोबांच्या आधारला नातवाचा जुना, बंद पडलेला नंबर जोडलेला असतो. तो आधी बदलून घ्या.

सरकारची तपासणी आणि आपली

सरकारही अधूनमधून पात्रता तपासते. २०२४-२५ मध्ये शिधापत्रिकेतल्या प्रत्येक माणसाची ई-केवायसी मागितली गेली. एप्रिल-मे २०२५ मध्ये अपात्र शिधापत्रिका शोधण्याची मोहीम झाली, त्यात राहण्याचा पुरावा मागितला गेला. खोटी नावे, मेलेल्यांची नावे, दोन-दोन कार्डे काढून टाकणे योग्यच आहे. गरिबाच्या वाट्याचे कुणी खाऊ नये. पण चाळण हलवताना खड्याबरोबर दाणाही पडतो. अंथरुणाला खिळलेले माणूस दुकानापर्यंत जाऊ शकत नाही, त्याची ई-केवायसी राहते, आणि पुढे नावाला धक्का लागतो. तपासणी जवळ आली की घरातल्या तरुणाने सर्वांत आधी म्हाताऱ्याचे काम करावे, स्वतःचे मागून.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. तपासणीत केशरी कार्ड शुभ्र झाले तर स्वस्त धान्य जाईल, पण उपचाराचे पाच लाख जात नाहीत, कारण आता शुभ्र कार्डही चालते. म्हणून रंग बदलला म्हणून घाबरून कार्ड पेटीत टाकून देऊ नका. नाव मात्र गेले तर सारे गेले.

माणूस पात्र, पण आजार आणि दवाखाना?

पात्रता तीन ठिकाणी लागते, हे आपण विसरतो. माणूस पात्र पाहिजे, आजार यादीत पाहिजे, आणि दवाखाना योजनेत पाहिजे.

आजारांचे असे, की २०२३ च्या निर्णयात १३५६ उपचार होते, आणि ही यादी वेळोवेळी बदलते. हृदयाची शस्त्रक्रिया, डायलिसिस, कर्करोगाचे उपचार असे मोठे खर्च तिच्यात बसतात. नुसते तपासून गोळ्या घेऊन येणे बसत नाही. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयातच योजनेतून होतात, खासगीत नाहीत. आणि दवाखान्याच्या दारावर मोठी पाटी आहे म्हणून तो योजनेत आहे असेही नाही. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. पेशंट नेल्यावर आधी त्याला भेटा, कार्ड दाखवा, या आजाराला पूर्वमंजुरी मिळते का ते विचारा. घरूनच विचारायचे असेल तर फुले योजनेचा फोन १५५३८८ किंवा १८००२३३२२०० आहे, आयुष्मान भारतचा १४५५५. योजनेत मंजुरी मिळूनही कुणी वर पैसे मागितले तर पावतीशिवाय देऊ नका आणि याच फोनवर तक्रार करा. तातडीच्या वेळी आधी उपचार सुरू करून कागद मागून देण्याची सोयही आहे, तसे आरोग्यमित्राला स्पष्ट सांगा.

साध्या दुखण्याला योजनेची वाट पाहायची गरज नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालयात, तपासणी आणि उपचार फुकट झाले. इंदापूरला आणि बारामतीला उपजिल्हा रुग्णालय आहे. बारामतीला २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पुण्याच्या ससूनपर्यंतची शंभर-दीडशे किलोमीटरची पायपीट करण्याआधी इथे दाखवा. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये दुसऱ्या खात्याकडे असल्याने तो फुकट उपचाराचा निर्णय त्यांना लागू नव्हता, तिथे काय आकारतात ते खिडकीवर विचारून घ्या.

आणखी एक दार पुष्कळांना माहीत नसते. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांना फुकट आणि दहा टक्के दुर्बळांना निम्म्या दरात द्यायच्या असतात. मुंबई उच्च न्यायालयाने ठरवून दिलेली ही योजना २००६ पासून चालू आहे. वर्षाचे उत्पन्न एक लाख ऐंशी हजारांच्या आत असेल तर निर्धन, तीन लाख साठ हजारांच्या आत असेल तर दुर्बळ. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवला तर पुण्यात गेल्यावर तो कामाला येतो. तिथल्या सामाजिक कार्यकर्त्याला भेटून धर्मादाय खाटेची मागणी लेखी करा.

एका बाजाराच्या दिवसाचे काम

मग करायचे काय? फार नाही. या आठवड्यात संध्याकाळी दिवा लागला की घरातले सगळे कागद ओट्यावर पसरा. वडीलधाऱ्या प्रत्येक माणसाचे आधार आणि शिधापत्रिका शेजारी ठेवा. नाव अक्षराला अक्षर जुळते का, वय बरोबर आहे का, मोबाइल चालू आहे का, कार्डाला बारा अंकी नंबर आहे का, एवढे चार प्रश्न विचारा. चुकले तिथे पेन्सिलीने खूण करा.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाणे होतेच. शिधापत्रिकेतले नाव घालण्याचे किंवा दुरुस्तीचे काम तहसीलच्या पुरवठा शाखेत होते, आधारचे आधार केंद्रात. अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नका. सत्तरी झालेल्यांचे वय वंदना कार्ड आधी काढा, त्याला कमी कागद लागतात. गावची आशाताई किंवा आपले सरकार केंद्रवाला यात मदत करतो. शेवटी सगळ्या कागदांच्या झेरॉक्स एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती अशा खुंटीला टांगा, की मध्यरात्री सुनेला दिवा न लावता सापडली पाहिजे.

आजी म्हणेल, "मला काय व्हायचंय आता? पिकलं पान मी." तिचे ऐकू नका. पैसा खर्चू नये म्हणून ती असे बोलते. खर्च सरकार करणार आहे हे एकदा तिला पटले, की तीच आधी चप्पल घालून तयार होईल.

आणि जिथे मुलगेच हात झटकतात, त्या घरच्या वडीलधाऱ्यांनी हे ऐकून ठेवावे. २००७ च्या कायद्याप्रमाणे आई-वडिलांचे पालनपोषण मुलांवर बंधनकारक आहे, आणि त्यात औषधोपचारही धरला आहे. अर्ज प्रांतसाहेबांकडे करायचा, आपल्या दोन्ही तालुक्यांना तो बारामतीला. वकील लागत नाही. सांभाळण्याच्या अटीवर जमीन मुलाच्या नावावर करून दिली आणि तो सांभाळत नसेल, तर ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येते. मात्र ती अट कागदात लिहिलेली असावी. सह्या करण्याआधी एवढे वाक्य त्यात घालून घ्या.

गावाने मागायची गोष्ट

हे सारे घराने करायचे झाले. पण ज्या म्हातारीला मूल नाही, जी वस्तीवर एकटी राहते, तिचे कागद कोण पसरणार? इंग्लंडात १९४८ पासून आणि थायलंडात २००२ पासून, माणूस तिथला आहे एवढ्यावर उपचार मिळतात. कार्डाचा रंग कुणी विचारत नाही. आपल्याकडेही रंग गेला, पण कागद राहिला. कागद राहणार असेल तर तो म्हाताऱ्याच्या दारापर्यंत आला पाहिजे. म्हाताऱ्याने कागदाच्या मागे का हिंडावे?

तलाठी जसे सात-बाराचे चावडी वाचन करतात, तसे गावातल्या साठीपुढच्या माणसांच्या नावांचे वाचन ग्रामसभेत व्हावे. कुणाचे नाव कोणत्या कार्डात आहे, कुणाचे कुठेच नाही, कुणाची ई-केवायसी राहिली, कुणाला घरी जाऊन करून द्यावी लागेल, हे एका बैठकीत समजेल. याला निधी लागत नाही, ठराव लागतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर यांपैकी जी ग्रामसभा पुढे येईल, तिच्यात हा विषय लेखी द्या. सरपंच आपलाच असतो, आणि त्याच्याही घरात म्हातारी माणसे असतात.

तोवर आज रात्री जेवणे झाली, की कार्ड काढा आणि आजीचे नाव मोठ्याने वाचून दाखवा. सापडले नाही तर उद्याच तालुका गाठा. पाणीपाळी चुलत भाऊ एक दिवस सांभाळील.